बीट-डाळिंबाच्या ज्यूसने रक्त वाढतं? शाकाहारी माणसाला लोह मिळण्याचं खरं गणित वऱ्हाडातल्या ताटात सापडतं

इन्स्टाग्राम उघडा, चार-पाच रील पुढे सरका, एक लालभडक ग्लास दिसणारच. आत बीट, डाळिंब, गाजर. वर मोठ्या अक्षरात मजकूर : 'पंधरा दिवसांत हिमोग्लोबिन 7 वरून 12'. खाली हजारो लाईक आणि 'ताई, शुगरवाल्यांनी प्यावं का?' अशा कमेंट.

या रीलमागचं लॉजिक एका वाक्याचं आहे. ज्यूस लाल, रक्त लाल, म्हणजे ज्यूसने रक्त वाढणार.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात पाहिलं तर 100 ग्रॅम डाळिंबात लोह आहे साधारण 0.3 मिलिग्रॅम. सफरचंदात त्याहूनही किंचित कमी. बिटात पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास. आता त्याच तक्त्यात ज्वारी शोधा. 100 ग्रॅमला जवळपास 4 मिलिग्रॅम. मेथीची भाजी साडेपाचच्या वर. अख्खे हरभरे पावणेसात. तीळ 14 च्या आसपास. म्हणजे अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही घरात शिळी म्हणून बाजूला ठेवलेली ज्वारीची भाकर त्या महागड्या ग्लासापेक्षा कितीतरी जास्त लोह देते. फक्त ती लाल नाही, त्यामुळे तिचं रील होत नाही.

मग प्रश्न असा पडतो, की भाकर, वरण, मेथी, हरभरा खाणाऱ्या भागात बायकांचं रक्त कमी का निघतं?

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. त्याआधीच्या फेरीत हा आकडा 48 टक्के होता. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तो 68.9 टक्के आहे. पुरुषांमध्ये 21.9. एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवण जेवणाऱ्या बाई आणि पुरुषात एवढा फरक.

या सर्वेक्षणात बोटाला सुई टोचून रक्त घेतात आणि त्या पद्धतीत आकडा थोडा फुगतो, असा काही तज्ज्ञांचा आक्षेप आहे. तो बाजूला ठेवला तरी बाई आणि पुरुषातली दरी राहतेच.

दरीचं एक कारण पाळी. एक मिलिलीटर रक्त गेलं की अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं. दर महिन्याला 30-40 मिलिलीटर रक्त गेलं तर 15 ते 20 मिलिग्रॅम लोह गेलं. ज्यांना पाळीत खूप जास्त जातं, त्यांचा हिशोब याच्या दुप्पट-तिप्पट. गर्भारपण आणि बाळंतपण यात आणखी भर घालतं.

दुसरं कारण कोणत्याही तक्त्यात लिहिलेलं नाही. घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं? मेथीची भाजी सासऱ्यांना, मुलांना, नवऱ्याला वाढून झाली की टोपल्यात भाकर आणि वाटीत ठेचा उरतो. 'मला एवढंच पुरतं' हे वाक्य त्यानंतर येतं. बाईला लोह पुरुषापेक्षा जास्त लागतं आणि तिच्या ताटात ते कमी पडतं. ही गोष्ट ज्यूसने सुटणारी नाही.

रोज किती लोह लागतं?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये नवीन शिफारसी दिल्या. प्रौढ महिलेला दिवसाला 29 मिलिग्रॅम, पुरुषाला 19. आता हा 29 चा आकडा पाहून बरेच जण घाबरतात. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. महिलांची सरासरी गरज 15 मिलिग्रॅम धरली आहे. 29 हा आकडा जवळपास सगळ्या महिलांना, म्हणजे जास्त रक्तस्राव असलेल्यांनाही, पुरेल असा वरचा ठेवलेला आहे.

साधा हिशोब करू. समजा अकोल्यातली एक शाकाहारी तरुणी दिवसभरात ज्वारीच्या चार मध्यम भाकरी खाते. पीठ धरा 240 ग्रॅम. लोह झालं साडेनऊ मिलिग्रॅम. तुरीची डाळ 50 ग्रॅम, साधारण 2 मिलिग्रॅम. मेथी 100 ग्रॅम, साडेपाच. मूठभर शेंगदाणे, पाऊण मिलिग्रॅम. बेरीज जाते 18 च्या आसपास. त्यात 50 ग्रॅम हरभऱ्याची उसळ आणि दोन चमचे तिळाची चटणी घातली की 23. कसलीही पावडर नाही, कसला डबा नाही.

आता याच ताटातून भाकरी काढा आणि तेवढाच पांढरा तांदूळ ठेवा. साडेनऊ मिलिग्रॅमच्या जागी दीड उरतो.

हे फक्त कागदावरचं उदाहरण नाही. वऱ्हाडात गेल्या तीस-चाळीस वर्षांत हेच झालं. शेतातली ज्वारी मागे पडली, तिची जागा सोयाबीनने घेतली. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळू लागला. भाकर रोजच्या जेवणातून कधीमधीच्या जेवणात गेली, आणि आता तर ती हॉटेलात 'वऱ्हाडी थाळी' म्हणून जास्त पैशांना मिळते. गंमत म्हणजे ज्या सोयाबीनने ज्वारीला हटवलं, त्यात 100 ग्रॅमला 8 मिलिग्रॅमच्या वर लोह आहे. पण शेतकऱ्याच्या घरात त्याचं येतं ते तेल. तेलात लोह नसतं. ते पेंडेत राहतं आणि पेंड जाते कोंबड्यांना. (सोयाबीन घरी वापरायचंच असेल तर नीट भाजून किंवा शिजवूनच. कच्चं दळून पोळीत घालू नका, पचत नाही.)

मग 23 मिलिग्रॅम खाल्लं की झालं?

नाही. खरी गोम इथेच आहे.

अन्नातलं लोह दोन प्रकारचं. मांस-मासळीतलं एक, जे शरीर सहज उचलतं. धान्य, डाळी, भाज्यांतलं दुसरं, जे हट्टी आहे. आतड्यात पोचेपर्यंत ते कशाला तरी चिकटून बसतं आणि तसंच बाहेर जातं. शाकाहारी जेवणातल्या लोहापैकी अनेकदा शंभरातले पाच-दहा भागच शरीराला लागतात.

चिकटवणारे मुख्य दोघं. पहिलं फायटेट. हे धान्याच्या कोंड्यात आणि डाळींच्या दाण्यात असतं. बी उगवेपर्यंत फॉस्फरस साठवून ठेवायची ती बियाण्याची सोय आहे. ज्वारीत लोह आहे, पण सोबत फायटेटही भरपूर आहे.

दुसरा चिकटवणारा आपल्या फार प्रेमाचा. चहा.

जेवण झालं, हात धुतले, की 'चहा ठेव जरा' हे विदर्भात सांगायची गरजही नसते. 1999 मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने यावर नेमका प्रयोग केला. पावाच्या जेवणासोबत काळा चहा दिला, तर शरीराला मिळणारं लोह 79 ते 94 टक्क्यांनी घटलं. 'पण आम्ही दुधाचा चहा पितो' असं कुणी म्हणेल. त्याच प्रयोगात दूध घालून पाहिलं होतं. फरक जवळपास पडला नाही. कॉफी, कोको, पुदिन्याचा चहा, सगळ्यांनी कमी-जास्त प्रमाणात तेच केलं. म्हणजे हर्बल लिहिलं म्हणून सुटका नाही.

चहा सोडा, असं वऱ्हाडात सांगण्यात अर्थ नाही आणि गरजही नाही. तो जेवणापासून तास-दीड तास लांब न्या. दुपारी एकला जेवलात तर अडीचला घ्या. बारीकसा बदल आहे, पैसे लागत नाहीत, आणि या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ती हीच.

संत्र्याच्या प्रदेशात रक्तक्षय

चहा लोहाला अडवतो, तसं त्याला सोडवणारंही कुणीतरी आहे. व्हिटॅमिन सी. ते लोहाचं रूप बदलतं आणि त्याला विरघळलेलं ठेवतं, त्यामुळे फायटेटला ते पकडता येत नाही. अट एकच, दोघं एकाच वेळी पोटात हवेत. सकाळी संत्रं आणि रात्री भाकर, याचा उपयोग नाही.

आणि संत्र्यासाठी वरुड-मोर्शीच्या लोकांनी कुठे जावं? नागपुरी संत्रं म्हणून जे देशभर विकलं जातं, त्यातलं मोठं पीक अमरावती जिल्ह्यातल्या याच तालुक्यांतून निघतं. आंबिया बहाराचं फळ हिवाळ्याच्या तोंडावर, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातलं वाडेगाव लिंबासाठी ओळखलं जातं. म्हणजे लोह सोडवणारी दोन्ही फळं दारात आहेत. संत्रं मात्र आपण दुपारी उन्हात बसून, गप्पा मारताना सोलतो. जेवणासोबत नाही.

संत्रं नसेल तेव्हा पेरू घ्या. त्यात व्हिटॅमिन सी संत्र्याच्या कितीतरी पट आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी किशोरवयीनांवर केलेला एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. भाताच्या जेवणासोबत 100 ग्रॅम पेरू दिला तर शरीराला मिळणारं लोह दुपटीहून जास्त झालं. तेच जेवण, तेवढंच लोह. फक्त शेजारी पेरू.

लिंबाचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे, पण पूर्ण ऐका. मेक्सिकोच्या खेड्यातलं जेवण म्हणजे मका आणि घेवडा, आपल्या भाकर-वरणाचं चुलत भावंडच. तिथल्या लोह कमी असलेल्या महिलांना दोन जेवणांसोबत लिंबाचं सरबत दिलं, तर लोहाचं शोषण तिपटीहून वाढलं. 2003 चा हा अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. त्याच वर्षी तिथलाच दुसरा अभ्यास आला, तो कुणी सांगत नाही. आठ महिने लिंबाचं सरबत देऊनही महिलांच्या शरीरातला लोहाचा साठा म्हणावा तसा वाढला नाही. म्हणजे लिंबू मदत करतं, पण रिकामी झालेली टाकी ते एकटं भरू शकत नाही. 'लिंबू पिळा, ॲनिमिया पळवा' असं रील आलं तर हे लक्षात ठेवा.

लिंबू वरणात पिळायचं ते गंज गॅसवरून उतरवल्यावर. उकळत्या वरणात पिळलं तर व्हिटॅमिन सी बरंचसं वाया जातं. वरून ताजा सांबार चिरून घाला (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी, विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं नाही).

आजीच्या स्वयंपाकात काय होतं?

जुनं ते सगळं सोनं असं म्हणायचं कारण नाही, जुन्या काळातही बायकांना रक्तक्षय होताच. पण काही पद्धतींमागे आज कळलेलं शास्त्र बसतं.

महालक्ष्म्यांच्या सणाला विदर्भात ज्वारीची आंबील होते. पीठ आंबवलं की फायटेट तुटतं आणि लोह मोकळं होतं. ही आंबील वर्षातून तीन दिवसच का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. मोड आणलेल्या मटकी-मुगाचंही तसंच. मोड येणं म्हणजे बियाण्याने फायटेटची साठवण स्वतःच फोडायला सुरुवात केली. भिजत घालून ते पाणी टाकलं तरी थोडा फायदा होतो.

ज्वारीच्या कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी घ्या. आंबट भाजी लोखंडाच्या कढईत शिजली की कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं. भाजी काळपट होते, म्हणून बऱ्याच घरांत आंबट पदार्थ लोखंडात करत नाहीत. त्या काळपटपणात लोह आहे. इथिओपियात लहान मुलांवर झालेला आणि 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला अभ्यास आहे. लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यातलं खाणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं. घरातली हिंडालियमची कढई फेकू नका, पण भाजीपुरती एक लोखंडी ठेवा. शिजलेली भाजी मात्र लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

गुळाबद्दल थोडं. गुळात 100 ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह आहे हे खरं. पण गूळ खातो किती? दहा ग्रॅमच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. गूळ-फुटाण्यात काम करतात ते फुटाणे.

आणि उपवास. आठवड्याला एक-दोन उपवास, वर चतुर्थी-एकादशी, श्रावण, नवरात्र. त्या दिवशी साबुदाणा खाल्ला तर तो जवळपास नुसता स्टार्च. राजगिऱ्यात 100 ग्रॅमला 8 मिलिग्रॅमच्या आसपास लोह आहे. उपवास मोडायला नको, पदार्थ बदलला तरी पुरे.

रेशनचा 'प्लॅस्टिकचा तांदूळ'

व्हॉट्सॲपवर हा व्हिडिओ प्रत्येकाने एकदा तरी पाहिला असेल. रेशनचा तांदूळ पाण्यात टाकला, काही दाणे तरंगले, 'बघा प्लॅस्टिक'.

ते प्लॅस्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि 100 साध्या दाण्यांमागे असा एक दाणा मिसळतात. रंग थोडा वेगळा, काही वेळा हलका, म्हणून तरंगतो. 15 ऑगस्ट 2021 ला पंतप्रधानांनी सरकारी योजनांमधून असा तांदूळ देण्याची घोषणा केली. मार्च 2024 पर्यंत तो टप्प्याटप्प्याने सगळीकडे पोचवला गेला. नियमानुसार किलोमागे 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह असायला हवं. म्हणजे 240 ग्रॅम तांदळात 7 ते 10. साधारण चार भाकरींएवढं. लोक ते दाणे निवडून टाकत असतील, तर ते नेमकं कामाचं तेवढं टाकत आहेत.

दुसरा रस्ता म्हणजे बियाण्यातच लोह वाढवणं. 'धनशक्ती' हा जास्त लोहाचा बाजरीचा वाण महाराष्ट्रातच पहिल्यांदा आला, 2012 मध्ये. हा जास्त लोहाचा बाजरा ग्रामीण महाराष्ट्रातल्या 12 ते 16 वयाच्या शाळकरी मुलामुलींना भाकर आणि शेवेच्या रूपात दिला गेला, तेव्हा चार महिन्यांत त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढल्याचं 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. ज्वारीत परभणीच्या कृषी विद्यापीठाने 2018 मध्ये 'परभणी शक्ती' आणली, किलोला 45 मिलिग्रॅम लोह असलेली. वऱ्हाडासाठी बाजरीपेक्षा ही जवळची गोष्ट आहे, कारण इथली चूल ज्वारीची. अडचण बियाण्याची नाही, ज्वारी पेरायला शेतकरी तयार होईल एवढा भाव मिळण्याची आहे.

पण प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो

विदर्भात हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. इथल्या आदिवासी आणि काही अनुसूचित जातींच्या समाजांत सिकलसेल आढळतो. त्यातही हिमोग्लोबिन कमी असतं, थकवा येतो, पण कारण लोहाचं नसतं. अशा माणसाने तपासणी न करता मनाने लोहाच्या गोळ्या घेत राहणं धोक्याचं, कारण जादा लोह शरीराबाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. सिकलसेलची साधी चाचणी सरकारी दवाखान्यात होते.

शाकाहारी माणसाच्या बाबतीत आणखी एक संशयित असतो, बी-12. दूध, दही, ताक फारसं न घेणाऱ्या शाकाहारी घरांत त्याची कमतरता नेहमीची आहे. लोह कितीही खाल्लं आणि बी-12 नसेल तर रक्त तयार होत नाही. हातापायाला मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना तसं सांगा.

लोहाच्याच कमतरतेची एक खूण घरात ओळखता येते. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा बर्फ खावासा वाटणं. मुलीला त्यावरून रागावण्यापेक्षा तिचं रक्त तपासा. महिलेचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली, गर्भवतीचं 11 च्या खाली, पुरुषाचं 13 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. 8-9 वर आलं असेल तर जेवण बदलून पुरत नाही, आणि गर्भवतीसाठी तर हा उशीर जिवावर बेततो. बाळंतपणात होणारा रक्तस्राव चांगलं हिमोग्लोबिन असलेली बाई सोसते, 7 वाली नाही.

त्यासाठी गोळ्या फुकट आहेत. शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी, गर्भवतींना रोज एक लाल, किमान 180 दिवस. प्रत्येकीत 60 मिलिग्रॅम लोह. मळमळ होते, शौचाला काळी होते, म्हणून त्या कपाटात पडून राहतात. काळी होणं अपेक्षितच आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, लिंबूपाण्यासोबत. चहा किंवा दुधासोबत नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह कमी लागतं. आणि हिमोग्लोबिन 12 झालं की गोळ्या बंद करू नका. तेव्हा फक्त रक्त भरलेलं असतं, शरीरातला साठा रिकामाच असतो. तो भरायला साधारण आणखी तीन महिने डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.